सात मीटर आखूड

सोनाळ्यात कोणी नवं दार बसवलं आणि निवृत्ती गावंडे त्या वाटेनं गेला, तर घरवाल्याचा आनंद तिथंच संपायचा. निवृत्ती थांबायचा, एक डोळा मिटायचा आणि सांगायचा की डावी बाजू अर्धा सूत खाली आहे. चहाला थांबायचा नाही. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, शाळेच्या झेंड्याचा खांब पूर्वेला कलतो, मारुतीच्या देवळाचा कळस मंडपाच्या मानानं बुटका आहे, हे सगळं गावाला त्याच्यामुळे कळलं. कळून कोणाचं काही भलं झालं नाही, पण त्याची त्याला पर्वा नव्हती. चुकीचं माप पाहून गप्प बसणारी माणसं त्याच्या लेखी आंधळीच होती, आणि त्याच्या मते अख्खा तालुका अशा आंधळ्यांनी भरला होता.

नौदलात तो जहाजावरचा सुतार होता. शिड्या, दारं, बोटी, जे मोडेल ते दुरुस्त करायचं काम. पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा धाकट्या भावानं शेत चांगलं लावलं होतं, आणि निवृत्तीला शेतातलं काही कळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं मागची तुरीची खोली रिकामी करून घेतली, खिडकीशी बाकडं ठोकलं आणि लहान लहान जहाजं करायला घेतली. ज्या जहाजांवर तो राहिला होता तीच, त्यांच्याच मापात, शंभर पट नाहीतर दोनशे पट लहान.

सुरुवातीला लोक पाहायला येत. त्यांचे प्रश्न दोनच असत. हे पाण्यात चालते का, आणि केवढ्याले पडलं. काही दिवसांनी त्यानं दाखवणंच बंद केलं. जहाजांवर जुन्या धोतरांचे तुकडे टाकून ती फळीवर चढवून दिली. रुखमाबाई, त्याची बायको, त्या खोलीत फक्त झाडायला जायची, आणि झाडताना काही हललंच तर ते कोणत्या अंगाला किती हललं, हे तिला जेवताना ऐकावं लागायचं.

अशा माणसाकडे एका सकाळी हिंमतराव दोन माणसं घेऊन आले. हिंमतराव गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनालयात पुस्तकांपेक्षा त्यांचे फोटो जास्त होते. सत्कार करायची त्यांना भारी हौस. सत्काराला माणूस मिळाला नाही तर ते स्वतःच गळ्यात हार घालून घेत. या वेळी मात्र खरोखरचा माणूस मिळाला होता. आशाबाई वानखडेचा मुलगा जीवन परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि सुट्टीवर गावी येणार होता. जहाजावर चढलेला तालुक्यातला हा पहिलाच, असं हिंमतराव सांगत सुटले होते. ज्याच्या ओट्यावर उभं राहून ते हे सांगत होते त्याचं अर्धं आयुष्य जहाजावर गेलं होतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जीवनच्या जहाजाची प्रतिकृती करून ती वाचनालयाच्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

कसलं जहाज हवं, असं निवृत्तीनं विचारलं. हिंमतरावांनी दोन्ही हात पसरले. टेबलाएवढं पाहिजे, वर शिडं पाहिजेत, आणि समोर दोन तोफा.

"मालवाहू जहाज हाय ते," निवृत्ती म्हणाला. "तोफा कायले? गहू पळून जाईन म्हून?"

सोबतच्या दोघांतला एक हसला आणि हिंमतरावांकडे पाहून थांबला. हिंमतरावांनी राग मानला नाही. खामगावचा डेकोरेटर थर्माकोलमध्ये तोफांसकट सगळं करून देतो, एवढंच ते म्हणाले आणि उठायला लागले. तेव्हा निवृत्तीनं होकार दिला. थर्माकोलच्या तावडीतून एक जहाज सोडवणं आपलं कर्तव्य आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. गावी परतल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याकडे जहाज मागतंय, हे खरं कारण त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. अट एकच घातली: माप माझं, मधे कोणी बोलायचं नाही. हिंमतरावांनी लगेच मान हलवली. मान हलवायला त्यांना कधीच काही लागत नसे.

जीवनकडून मापं मागवायचं काम आशाबाईवर आलं. तिचा भाजीचा मळा होता. बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतताना ती निवृत्तीच्या ओट्याशी थांबली, आणि काय काय विचारायचं ते ऐकून गेली. जीवनचं जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा उत्तर आलं. लांबी १८३ मीटर, रुंदी ३२. माल भरायची कोठारं पाच, त्यांच्यावरची लोखंडी झाकणं वीस वीस मीटरची, क्रेन चार. सोबत फोटो होते. सगळ्यांत जीवन पुढे आणि जहाज मागे.

"जहाज कमी आन् थोबाड जास्त," निवृत्ती जीवनच्या आईलाच म्हणाला.

आशाबाईनं ते मनावर घेतलं नाही. जहाजावर माणसं दाखवणार का, असं तिनं विचारलं. निवृत्तीनं सांगितलं की माणसांबिणसांची भानगड आपल्याकडे नसते, आणि तुमचं पोरगं तसंही वर दिसत नसेल, ते खाली इंजिनाजवळ तेल पुसत असेल. ती म्हणाली, हो, तोही तेच सांगतो. मग टोपली उचलून गेली.

निवृत्तीनं जहाज दोनशे पट लहान करायचं ठरवलं. खरे दोन मीटर म्हणजे इथला एक सेंटिमीटर. बत्तीस मीटरची रुंदी सोळा सेंटिमीटर झाली, वीस मीटरचं झाकण दहा. इथवर कोणालाही जमतं. अडाणी आणि जाणता वेगळे पडतात ते पुढे, असं तो मानायचा. अडाणी माणूस लांबी-रुंदी बरोबर काढतो आणि मग कठड्याला सायकलच्या तारा लावून मोकळा होतो. ती तार दोनशेनं गुणली तर बाभळीच्या खोडाएवढी जाड भरते, हे त्याच्या गावीही नसतं. निवृत्तीनं मोटार वाइंडिंगवाल्याकडून केसासारखी तांब्याची तार आणली आणि चिमट्यानं एक एक गज जोडला. रंगाचंही तसंच. दुकानातला लाल रंग त्याला नवरीच्या शालूसारखा वाटला. जहाजाच्या पोटाचा लाल रंग मळका, विटलेला असतो. तसा करायला त्यानं तीन डबे वाया घालवले आणि दुकानदाराला रंगातलं काही कळत नाही हे चारचौघांत सांगितलं.

एक गोष्ट मात्र अडली. नाक, कोठारं, माणसांचं राहायचं घर, सगळं मापानं बसवल्यावर घराच्या मागे जहाजाची शेपटी फार तोकडी उरत होती. जेमतेम साडेचार सेंटिमीटर. त्यात दोर बांधायचे खुंट आणि दोर ओढायची यंत्रं बसवली की पाय टाकायला जागा नाही. त्यानं पुन्हा मोजलं, आकडे तेच. मग त्यानं ते जहाज बांधणाऱ्या परदेशी कारागिरांना शिव्या घातल्या. मालकानं लोखंड वाचवलं असणार, असा निकाल दिला, आणि आजकालची जहाजं कशी पेटाऱ्यासारखी ठोकतात, यावर रुखमाबाईला जेवण होईपर्यंत ऐकवलं. जीवनला एकदा विचारून पाहा, असं तिनं सुचवलं.

"तेल पुसणाऱ्याले मापातलं काय समजते," तो म्हणाला, आणि विषय मिटला.

जहाज झालं ते मात्र देखणं झालं. हिंमतरावांची माणसं ते न्यायला आली तेव्हा निवृत्ती त्यांच्या मागे मागे सभागृहापर्यंत चालत गेला आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांच्यावर ओरडला.

सत्काराच्या दिवशी तो लवकर जाऊन पोचला. जहाजावर लाल कापड होतं. त्यानं ते जरा उचलून पाहिलं. जहाजाच्या घराच्या छपरावर एक प्लास्टिकचा बाहुला चिकटवलेला होता. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, हात सलामाला. जहाजाच्या अंगावर, पाण्याच्या रेघेच्या वर, नाकापासून शेपटीपर्यंत एक सोनेरी पट्टी होती आणि तिच्यावर हिंमतरावांचं सौजन्य होतं.

खुर्च्या भरत आल्या होत्या. आशाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. निवृत्तीनं लोकांची वाट पाहिली नाही. खिशातून मोजपट्टी काढली, बाहुल्याला लावली आणि तिथूनच हिंमतरावांना हाक मारली.

"दहा सेंटिमीटर हाय हा माणूस. दोनशेनं गुणा. वीस मीटर. जहाजाचं घर जेवढं उंच, तेवढा माणूस त्याच्यावर उभा केला तुमी. ह्याची सलामी पाहून जहाज बुडन."

हिंमतराव शांतपणे पुढे आले. "लोकायले दिसला पाह्यजे ना, भाऊ," ते म्हणाले. "आपल्या गावचा पोरगा हाय. त्याले लहान काऊन दाखवाचं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि ते हसू आपल्यासाठी आहे हे निवृत्तीला कळलं. आजवर या गावात हसायचं काम त्याचं होतं. त्याचं डोकं फिरलं. तो मोठ्यानं म्हणाला की हा कप्तानाचा गणवेश आहे आणि जीवन कप्तान नाही. तो इंजिनाजवळ तेल पुसतो, कप्तानाच्या खोलीपर्यंत जायची त्याची टाप नाही.

गावानं गेल्या महिनाभरात जीवनला मनातल्या मनात बराच वर चढवला होता. आता बायका आशाबाईकडे वळून पाहायला लागल्या. ती जिभेनं कधी खोटं बोलली नव्हती, तरी खोटं पकडलं गेल्यासारखी तिनं मान खाली घातली. आणि जीवन दारात उभा होता. चप्पल काढता काढता थांबलेला.

तो आत आला, ठरल्या खुर्चीवर बसला. हार झाला, नारळ झाला. बोलायला उभं केलं तेव्हा त्यानं थोडक्यात सांगितलं. काकाजी म्हणाले ते खरं आहे, त्या कामाला ऑइलर म्हणतात, कप्तानाशी आपलं बोलणं वर्षातून एखाद्या वेळी होतं. त्याच्या बोलण्यात लाज नव्हती की ठसका नव्हता. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना, म्हणून त्या अर्ध्याच वाजल्या. मग तो जहाजापाशी गेला, बाहुल्याचे पाय धरून पिरगाळले, तो कट्‌कन निघाला, आणि तो त्यानं हिंमतरावांच्या हातात दिला.

निवृत्तीला वाटलं आपण जिंकलो. जीवन वाकून जहाज पाहत होता. कठड्याजवळ त्यानं तोंड नेलं आणि हात न लावता बराच वेळ न्याहाळलं. क्रेनच्या दोरांकडे पाहून तो एकटाच हसला. तेवढ्यात तो मागच्या बाजूला आला आणि थबकला. बोटांनी हवेत काहीतरी मोजलं.

"काकाजी," तो म्हणाला, "जहाज आखूड हाय."

निवृत्ती ताडकन म्हणाला की आकडे तुझेच आहेत, १८३ तूच लिहिलेस. जीवन म्हणाला, हो, इंजिनाच्या खोलीत पाटीवर तोच आकडा आहे. पण ती टोकापासून टोकापर्यंतची लांबी नव्हे. मागे सुकाणूच्या दांड्यापासून पुढे नाकाला जिथं पाणी टेकतं तिथपर्यंतची. पूर्ण जहाज एकशे नव्वद. हे त्याला तरी कुठं माहीत होतं. परवा विमानाची वाट पाहताना एका अधिकाऱ्यानं सांगितलं.

जहाजाला एकाहून अधिक लांब्या असतात हे निवृत्तीला जीवनच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. नौदलात पोरांना तोच शिकवायचा. मागताना मात्र त्यानं नुसती लांबी मागितली होती, कारण इकडच्या लोकांना याहून जास्त काय कळणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं. कोठारांची मापं पक्की होती, म्हणून सगळी तूट शेपटीत जाऊन साचली. सात मीटर. आणि ती तूट खिडकीशी बसून दिवसचे दिवस त्याच्याकडे पाहत होती.

हिंमतरावांनी माईक हातात घेतला. गावंडे साहेबांचं माप सात मीटर चुकलं असलं तरी त्यांची भावना मोठी आहे, असं ते म्हणाले. या वेळी टाळ्या पूर्ण वाजल्या.

त्यानंतर बरेच दिवस निवृत्ती पारावर दिसला नाही. ज्यांची दारं त्यानं वाकडी ठरवली होती ते आवर्जून त्याच्या घरावरून जाऊ लागले आणि रुखमाबाईला विचारू लागले, जहाज वाढलं का. ती कोणाला काही बोलली नाही. घरात मात्र तिनं एकदाच तोंड उघडलं. दारं-खिडक्यांचं राहू द्या, असं ती म्हणाली. आशाबाई दोन बाजार झाले भाजी घेऊन बसली नाही, ते तुमाले कोण्या पट्टीनं दिसन?

दुसऱ्या दिवशी निवृत्ती सभागृहात गेला, कोणाला न विचारता जहाज उचललं आणि घरी आणलं. सोनेरी पट्टी त्यानं वाटेतच खरवडून टाकली. मग जीवनला निरोप धाडला. तो आला तो आईला घेऊनच.

निवृत्तीनं जहाजाच्या घरामागे पेन्सिलीची रेघ मारली आणि बारीक करवत चालवली. खरी जहाजंही अशीच कापून वाढवतात, मधे नवा तुकडा घालतात, असं तो करवत चालवता चालवता जीवनला सांगत होता, जणू हे सगळं आधीपासून ठरलेलंच होतं. शेपटी सुटी झाली. साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा तयार होता. तो मधे धरून त्यानं जीवनला विचारलं, इथं काय काय आहे ते सांग. जीवन सांगत गेला. डाव्या अंगाला दोरांचं रीळ. उजवीकडे हवा यायची नळी. आणि त्या दोघांच्या मधे रंगाचं एक रिकामं पिंप पालथं घातलेलं, पाळी संपल्यावर तो त्याच्यावर येऊन बसतो. खाली इंजिनाजवळ भट्टीसारखं असतं, इथं वारा लागतो. फोन लागला तर आईला इथूनच लावतो.

आशाबाई दाराशी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, तो तिथं बसला तर केवढा दिसेल. निवृत्तीनं सवयीनं गुणाकार केला, बसलेला माणूस, पिंपासकट, आणि अंगठ्याचं नख बोटावर टेकवून तेवढीशी जागा दाखवली. सात मिलिमीटर.

ती त्या नखाकडे पाहत राहिली. "एवढासा तं तो जलमला तवाई नव्हता," ती म्हणाली.

करवतीचा भुसा फुंकायचं निमित्त करून निवृत्तीनं मान वळवली. मग तिकडेच तोंड ठेवून म्हणाला की त्या दिवशी सभागृहात आपण जे बोललो ते बोलायला नको होतं.

"खोटं कुठं बोलले तुमी," आशाबाई म्हणाली. "पण खरं सांगाले एवढी माणसं जमवाची गरज नव्हती. त्याच्या कामाची मले लाज नाई वाटत, भाऊ. तुमाले वाटली, ते मले लागलं."

तिनं पुढे ताणलं नाही. रुखमाबाईनं चहा आणला. जीवन त्या नव्या तुकड्यावरून बोट फिरवत इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहिला. त्यांचा कप्तान जेवताना बोलत नाही. एका बंदरात सगळ्यांना सात दिवस नुसती बटाट्याची भाजी खावी लागली. निवृत्ती तो तुकडा कागदानं घासत ऐकत होता. मधेच त्यानं नौदलातल्या एका स्वयंपाक्याची टर उडवली आणि जीवन इतका हसला की चहा सांडला.

जहाज पुन्हा सभागृहात गेलं, एकशे नव्वद मीटरच्या हिशेबात, मागच्या बाजूला एका पिंपासकट. हिंमतरावांनी पेटीवर पितळी पाटी लावली: मूळ प्रतिकृतीतील चूक अध्यक्षांच्या सूचनेवरून दुरुस्त. निवृत्तीनं ती वाचली. पाटी दोन सूत तिरपी आहे, एवढंच त्यानं शिपायाला सांगितलं आणि घरी आला. आशाबाई मात्र बाजाराच्या दिवशी पुन्हा आपल्या जागी बसायला लागली, आणि जहाजाचा विषय कोणी काढलाच तर ते पिंप पाहा म्हणून सांगायची.

सुट्टी संपवून जीवन गेला तो दुसऱ्या जहाजावर, तेल वाहणाऱ्या. काही आठवड्यांनी आशाबाई फोन घेऊन ओट्याशी आली. जीवननं न मागता सगळं पाठवलं होतं. टोकापासून टोकापर्यंतची लांबी, पाटीवरची लांबी, पाण्याच्या रेघेवरची लांबी, रुंदी, उंची, नळांची जाडी. निवृत्तीनं चष्मा लावून एक एक आकडा वाचला. कुठं काही सापडतं का ते पाहिलं. शेवटी सापडलं.

"चिमणीचं माप राह्यलं," तो म्हणाला. "अर्धवट काम हाय पोराचं."

आशाबाईनं टोपली खाली ठेवली, ओट्यावर बसली आणि तिथूनच फोन लावला.